बंद गॅरेजातले पाच हजार किलोमीटर

१

सूनबाईनं किल्ली फिरवली, आणि गाडीच्या आधी तीच किंचाळली.

मी मागच्या अंगणात टॉवेल वाळत घालत होते. तो ओला टॉवेल हातात घेऊनच गॅरेजकडे धावले. माझ्या वयात धावले म्हणजे भराभर चालले. मनात एकच, हिचा पाय पुन्हा मोडला की काय! पाच महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडून तिचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता. कालच डॉक्टरांनी काठी टाकायला सांगितली होती, आणि आज पाच महिन्यांनी ती आपल्या गाडीत बसत होती.

"काय झालं? साप निघाला?" भाऊ पेपर हातात घेऊन आला. हा माझा धाकटा भाऊ, तिचा सासरा. त्याच्यामागून माझा भाचा, म्हणजे तिचा नवरा, अर्ध्या गालाला साबण लावून.

"साप बरा," सूनबाई म्हणाली. "हा आकडा बघा!"

समोरच्या छोट्या पडद्यावर अकरा हजार चारशे बाहत्तर किलोमीटर होते. सूनबाईनं गाडीचं सर्व्हिसचं पुस्तक उघडून आमच्यासमोर धरलं. दर रविवारी त्यात किलोमीटर लिहून ठेवायची तिची शिस्त. ती पडली त्याच्या आदल्या रविवारी तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, सहा हजार एकशे चार.

"पाच महिने गाडी या गॅरेजात उभी आहे. मग हे पाच हजार तीनशे अडुसष्ट किलोमीटर कोण गेलं?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "आणि कुठे गेलं?"

भाच्यानं साबण नसलेलाच गाल पुसला. "माझ्याकडे काय बघतेस? मी बसनं जातो."

"बसनं जातोस म्हणूनच विचारतेय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दोन तास उशिरा येणारी कुठली ही बस?"

मी आदल्याच दिवशी या घरी राहायला आले होते. पाहुण्या आत्यानं अशा वेळी टॉवेल वाळत घालायला परत जावं हे उत्तम. पण मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढलेली बाई. दोन माणसं बोलत असताना उठून जाणं मला कुणी शिकवलंच नाही.

तेवढ्यात दुसरी गोष्ट लक्षात आली. सूनबाईनं स्टिअरिंग फिरवायला घेतलं तर ते हलेना. जोर लावला तेव्हा करकर करत जरासं वळलं.

"हे वॉरंटीत होईल," भाचा घाईघाईनं म्हणाला. विषय बदलायला त्याला बरं साधन मिळालं होतं. "नवी गाडी, दहाच महिने झालेत."

सूनबाई पुस्तकाचं पान उलटून बघत होती. तिचा चेहरा उतरला. ती वाचू लागली, "दुसरी सर्व्हिस दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा. पाचशे किलोमीटरची सवलत. न केल्यास वॉरंटी रद्द होऊ शकते."

वर्ष व्हायला दोन महिने होते. किलोमीटर मात्र आमच्या नकळत पुढे निघून गेले होते.

आता यात तिचं काय अडलं होतं ते सांगते. सूनबाई घरोघर जाऊन आजारी माणसांना पुन्हा चालायला शिकवते. ही गाडी तिनं स्वतःच्या कमाईनं घेतलेली. येत्या सोमवारपासून एका इस्पितळानं तिला शहराबाहेरच्या रुग्णांकडे जायचं काम दिलं होतं, आणि अट एकच, स्वतःची चालती गाडी हवी. आज मंगळवार होता.

तिनं सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडचा आवाज गोड होता.

"मॅडम, अकरा हजार चारशे? मग वॉरंटी विसराच."

२

गोड आवाज एका टायवाल्या तरुणाचा निघाला. भाच्यानं जोर लावून, घामाघूम होत गाडी तिथवर नेली होती. सूनबाई आणि मी मागे बसलो होतो. भाऊ मात्र आला नाही. आपल्या नाकासमोरून कुणीतरी गाडी नेत होतं, या कल्पनेनं त्याचा पारा चढला होता. तो घरीच पहारा देणार होता.

"घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप," भाचा पुटपुटला.

टायवाल्यानं कॉम्प्युटरवर बोटं आपटली. "गाडी भाड्यानं दिली होती का?"

"नाही."

"ड्रायव्हिंग शिकवायला वापरली?"

"मी अंथरुणात होते हो! मला उठून बसायला दोन माणसं लागत होती."

"मग मिस्टर?"

मिस्टर छताकडे बघत होते.

शेवटी कारखान्याच्या बाजूनं फोरमन आला. हाताला ग्रीस, खिशात टॉर्च, बोलणं मोजकं. मला तो पाहताक्षणी आवडला. माझ्या लहानपणी मोटारी दुरुस्त करणारी माणसं अशीच दिसत, टाय कुणाच्याच गळ्यात नसे. त्यानं टायरच्या खाचेत एक पट्टी खुपसून खोली मोजली. चारही टायरची मोजली, आणि पहिल्याची पुन्हा.

"अकरा हजार म्हणता? टायर तर सहाचे वाटतात."

"टायर बदलले असतील," टायवाला म्हणाला.

"नाही. कंपनीतून आले तेच नंबर आहेत." फोरमननं मान हलवली, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे काय चिकटवलंय?"

स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या शेजारी, काचेवर, नखाएवढा पांढरा तुकडा चिकटवलेला होता. फोरमननं तो नखानं काढला. खाली काहीच नव्हतं, नुसती काळी काच.

मग त्यानं सूनबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, एक वाट आहे. कंपनीला सवलतीचा अर्ज पाठवता येतो. त्यात एक रकाना आहे, 'उशिराचे कारण'. खरं कारण लिहा, पुरावा द्या, मी शिफारस करतो. अर्ज शनिवारी दुपारपर्यंत यायला हवा."

"आणि कारण माहीत नाही असं लिहिलं तर?"

"वीस वर्षांत 'माहीत नाही'ला मंजुरी मिळालेली मी बघितली नाही."

परत येताना रिक्षात सूनबाई तो पांढरा तुकडा बोटावर घेऊन बसली होती. घर आल्यावर ती मला हळूच म्हणाली, "आत्या, ही पट्टी कसली आहे माहितीये? माझ्या पायाच्या ड्रेसिंगची. हिची गुंडाळी माझ्या उशाशी असते."

म्हणजे चोर बाहेरचा नव्हता.

३

तपास माझ्याकडे कसा आला हे कुणी ठरवलं नाही. सूनबाईला नवऱ्याशी बोलायचं नव्हतं, नवऱ्याला बापाशी बोलायचं नव्हतं, आणि बाप सगळ्यांशी एकदम बोलत होता. मध्ये कुणीतरी लागतंच. एक्स्चेंजमध्ये मी तेच करत असे.

मी भाऊपासून सुरुवात केली. तो गॅरेजातच सापडला. दाराला आडवा दोरा बांधून झाला होता आणि आता तो फरशीवर पावडर टाकत होता.

"हे काय?"

"ठसे उमटतील, ताई. टायरचे आणि बुटांचे."

"भाऊ, गाडी सर्व्हिस सेंटरला आहे."

"चोराला कुठे माहिती आहे?"

मी आजूबाजूला नजर फिरवली. गॅरेज जुनं, घराच्या मागे, दार मागच्या गल्लीत उघडणारं. भिंतीला किल्लीचा खिळा. कोपऱ्यात गवत कापायचं यंत्र आणि पेट्रोलचा पाच लिटरचा डबा. चार लाकडी ठोकळे, त्यांतल्या एकावर उशी टाकून भाऊनं आपली बैठक केलेली. बाहेर गवत म्हणाल तर दोन चादरी अंथरल्या तर संपेल एवढं.

"तू गाडी बाहेर नेलीस का? खरं सांग."

"आईशपथ नाही! सूनबाईनं सांगून ठेवलं होतं, माझ्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि मी रोज दुपारी तीन ते चार इथंच पेपर वाचत बसतो, दार उघडं टाकून. माझ्यासमोरून मांजर गेलं तरी मला कळतं. गाडी या उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. एक दिवसही नाही."

माझा भाऊ खोटं बोलतो तेव्हा कान खाजवतो, वयाच्या चौथ्या वर्षापासून. कानाला हात लागला नाही.

"मग कुणी नेली?"

त्यानं आवाज खाली आणला. "माझ्याच पोटचा गोळा आहे, पण सांगतो. रात्रीची नेत असणार. मोटार हाताळायची अक्कल नाही त्याला. आपल्या वडिलांची पावाची गाडी होती म्हणून आपल्याला कळतं."

ते खरंच. आमच्या वडिलांची बेकरीचा पाव पोचवणारी गाडी होती. भाऊ तिच्याखाली लोळून मोठा झाला. तिचा हॉर्न दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा, दार दोरीनं बांधावं लागायचं, आणि किलोमीटरचा काटा तर आमच्या जन्माआधीपासून एकाच आकड्यावर झोपलेला होता. वडील म्हणत, गाडी किती चालली ते तिला विचारायचं, काट्याला नाही. पुस्तक, शिक्के, वॉरंटी हे शब्द आम्ही ऐकलेही नव्हते. इंजिनाला कान लावला की झाली सर्व्हिस.

भाच्याला मी संध्याकाळी बसस्टॉपवरच गाठला. मंगळवार होता, आणि तो दोन तास उशिरा आला.

"आत्या! तू इथे?"

"बस. सांग."

"काय सांगू?"

"अरे, तुझ्या टोपीतून औषधाचा वास येतोय."

तो टोपी घालतो हेच मला नवं होतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं, टोपी काढली. डोक्याच्या मधोमध लालसर चकाकत होतं, आणि त्यावर तेल की लेप काहीतरी थापलेलं.

"केसांचं," तो म्हणाला. "मंगळवार आणि शुक्रवार. सहा महिन्यांत उगवतील असं सांगितलंय."

"कितवा महिना?"

"सातवा."

मी हसले नाही. म्हणजे तोंडानं हसले नाही. "अरे, बायकोला सांगायचंस की! तिला वाटतंय, तू कुणाला गाडीतून फिरवतोस."

"माझ्याबरोबर फिरायला कोण येणार आहे गं?" तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला, की त्याचा नंबर मी संशयितांतून तिथल्या तिथे खोडला.

पण मग उरलं कोण?

४

उरली शेजारीण. तिच्या झोपायच्या खोलीची आणि आमच्या गॅरेजची भिंत एकच. बुधवारी सकाळी मी वाटीभर साखर मागायला गेले. साखर घरात होती. पण सरळ प्रश्न विचारायला गेलं की माणसं तोंडाला कुलूप लावतात, आणि वाटी पुढे केली की आपोआप उघडतात.

"बरं झालं आलात ताई," ती म्हणाली. "त्या गाडीचं काहीतरी करा हो. पाच महिने माझी दुपारची झोप गेली. रोज तीन वाजले की घुर्रर्र! निघाली स्वारी!"

माझा हात वाटीवर घट्ट झाला. "रोज?"

"रविवारसुद्धा! गेल्या आठवड्यापासून बंद आहे म्हणून बरं."

"कोण चालवत असतं?"

"ते नाही बघितलं. मी डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेली असते."

"आणि परत कधी यायची?"

"चारला आवाज बंद व्हायचा."

आता इथे मला माझी तीस वर्षं उपयोगी पडली. फोनवर माणूस दिसत नाही, नुसता आवाज असतो. आवाज जवळून लांब जातोय की जागच्या जागी आहे, हे आम्हाला बरोबर कळायचं.

"मला नीट सांगा. तीनला सुरू व्हायचा आवाज. मग गल्लीतून लांब जायचा?"

ती विचारात पडली. "लांब... नाही हो. तसाच असायचा. भिंतीत. मी म्हणायचे, निघता निघत नाही मेली."

"एक तास निघतच होती?"

"आता तुम्ही म्हणता तेव्हा..." तिनं वाटी साखरेनं शिगोशीग भरली, आणि माझ्याकडे जरा घाबरून बघितलं.

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. शेजारीण म्हणते, तीन ते चार गाडी सुरू होती. भाऊ म्हणतो, तीन ते चार मी तिथंच होतो आणि गाडी कुठेही गेली नाही. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. पण कान कुणीच खाजवला नव्हता!

५

त्या दुपारी सूनबाईनं इस्पितळाला फोन करायला घेतला. मी दारात उभी होते. "सोमवारचं जमेलसं वाटत नाही, असं सांगून टाकते," ती म्हणाली. "त्यांना दुसरं माणूस बघायला वेळ तरी मिळेल."

"शनिवार दुपारपर्यंत थांब."

"आत्या, काय लिहू त्या रकान्यात? भुतानं नेली?" तिनं हातातला फोन खाली धरला. "पाच महिने मी एकच गोष्ट धरून काढले. पाय बरा होईल, गाडी काढेन, कामाला जाईन. पाय झाला बरा."

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि सर्व्हिस सेंटरचा नंबर लावला. फोरमनला मागितलं.

"मी त्या मुलीची आत्या. काचेवर जिथे चिकटपट्टी होती, तिथे कुठला दिवा लागतो?"

त्यानं जाऊन बघितलं. "पिवळा. चाकांचा."

"कधी लागतो तो?"

"चाकांचा हिशेब जुळला नाही की. समजा, पुढची फिरताहेत आणि मागची थांबलीत, तर गाडीला वाटतं काहीतरी बिघडलंय. मग नीट रस्त्यावर चालवली की जातो."

"पुढची फिरतात आणि मागची थांबतात, असं कधी होतं?"

"होत नाही," फोरमन म्हणाला.

मी फोन ठेवला आणि गॅरेजात गेले. तीन वाजले होते. भाऊ दोऱ्याच्या पलीकडे, पहाऱ्यावर असताना घोरत होता. मी त्याच्या बाजूचा एक लाकडी ठोकळा उचलून उजेडात नेला. वरच्या बाजूला लोखंडी कडेची एक खोल खाच उमटली होती. दुसऱ्यावर तशीच. तिसऱ्यावरही. बसणाऱ्या माणसाच्या वजनानं लाकडाला अशी खाच पडत नाही.

आणि मग मला तो उन्हाळा आठवला. मी नऊ वर्षांची, भाऊ सहाचा. पिठाचा तुटवडा झाला होता, बेकरी चार महिने बंद होती. उभं राहून टायर बसतात म्हणून वडिलांनी गाडी चार ठोकळ्यांवर चढवली होती. रोज दुपारी ते इंजिन चालू करत, गियर टाकत, आणि चाकं हवेत फिरू लागत. "गाडीचं अंग आखडता कामा नये," म्हणायचे. घरात पाव नव्हता, पण आम्ही दोघं त्या फिरणाऱ्या चाकांचा वारा घेत उभे राहायचो आणि वाटायचं, आपण कुठेतरी निघालोय. वडील बॉनेटवर हात ठेवून गप्प असायचे. त्यांच्या मनात काय असायचं ते मला आज कळतं.

मी भाऊला उठवलं नाही. त्याच्या चष्म्याकडे बघितलं. तो खिशात होता, नेहमीसारखा. पेपरसुद्धा हा माणूस हात लांब करून वाचतो, मग तो छोटा पडदा याला कसला दिसतोय!

६

रात्रीच्या जेवणाला सगळे टेबलाशी होते. भाचा टोपीशिवाय बसला होता. त्याचं गुपित मी दुपारीच सूनबाईच्या कानावर घातलं होतं, आणि ती त्याच्या डोक्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होती.

"भाऊ," मी भाजी वाढत म्हटलं, "तुझं गवत काय वेगानं वाढतं रे! आठवड्याला डबाभर पेट्रोल लागतं?"

त्याचा हात कानाकडे गेला.

"लागतं कधी कधी."

"आणि गाडीचं अंग आखडू नये म्हणून किती लागतं?"

भाऊनं कान सोडला. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"तुला आठवतंय, ताई? अगदी वडिलांसारखं केलं बघ! चार ठोकळे, दार उघडं, वरचा गियर, एक तास. रोज! पाच महिन्यांत एक दिवस चुकवला नाही. गेल्या आठवड्यात खाली उतरवली, म्हटलं सूनबाई आता येईल. तो एक पिवळा दिवा उगाच डोळे वटारायचा, त्याला पट्टी लावली."

"बाबा," भाचा म्हणाला, "मग तुम्ही सांगितलं का नाही? दोन दिवस घरात महाभारत चाललंय!"

"तुम्ही विचारलं गाडी बाहेर कुणी नेली. बाहेर कुठे गेली? जागेवरून हलली नाही."

"अहो, चाकं फिरली की किलोमीटर पडतात!"

"हवेत फिरली तरी?"

"हवेत फिरली तरी!"

भाऊ माझ्याकडे वळला. "ताई, वडिलांच्या गाडीचे नव्हते गं पडत."

"त्या गाडीचा काटा मेलेला होता, भाऊ."

तो घास तसाच हातात धरून बसला. रोज एक तास वरच्या गियरवर, तासाला छत्तीस किलोमीटर, पाच महिने. भाच्यानं मोबाईलवर गुणाकार केला आणि मोबाईल सूनबाईपुढे सरकवला. तिनं तो बघितला नाही. ती सासऱ्याकडे बघत होती.

"हात लावायचा नाही असं सांगितलं होतं ना मी, बाबा?"

"सांगितलं होतंस." भाऊचा आवाज बारीक झाला. "तू वर पडून होतीस. मला काही करता येत नव्हतं. तुला उचलून चालवता येत नव्हतं मला. गाडीला येत होतं."

सूनबाईच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, आणि डोळे पुसत होती.

"पाय मोडलेल्या माणसाचं आम्ही हेच करतो, बाबा. त्याला चालता येत नाही, तर त्याचे पाय धरून हवेत हलवतो. सांधे आखडू नयेत म्हणून." तिनं नाक ओढलं. "पण तेवढे किलोमीटर आम्ही मोजत नाही हो!"

शुक्रवारी सकाळी ती स्वतः अर्ज घेऊन गेली, बरोबर भाऊ आणि मी. 'उशिराचे कारण' या रकान्यात तिनं लिहिलं होतं: 'सासऱ्यांनी गाडी चार ठोकळ्यांवर चढवून रोज एक तास जागेवर चालवली. गाडी एकही किलोमीटर गेलेली नाही.'

टायवाल्यानं ते दोनदा वाचलं. "असं कुठे असतं का?"

फोरमननं गाडीला वायर जोडली. कॉम्प्युटरवर रांगच्या रांग उमटली: रोज तीनच्या सुमारास, पुढची चाकं छत्तीसच्या वेगानं, मागची शून्य, स्टिअरिंग सरळ, एक तास. त्यानं हाक मारून सगळा कारखाना गोळा केला. आठ मेकॅनिक माझ्या भावाकडे बघत होते.

"काका, इंजिन तासन्तास जागेवर चालवणं याला आमच्या पुस्तकात काय म्हणतात माहितीये? खडतर वापर."

"खडतर?" भाऊ दुखावला. "सावलीत उभी होती! मी तिला पेपर वाचून दाखवत होतो!"

फोरमननं तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मग त्यानं शिफारस लिहिली: टायर सहा हजारांचे, नोंदी अर्जाशी जुळतात, स्टिअरिंगच्या मोटारीचा दोष मूळचाच. कंपनीचं उत्तर शनिवारी अकराला आलं. वॉरंटी कायम. ऑइल आणि फिल्टर आजच्या आज बदलायचे, पुढची सर्व्हिस आणखी पाच हजारांनीच करायची, आणि गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढवायची नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी जाड अक्षरात लिहिलं होतं.

७

सोमवारी सकाळी आम्ही सगळे मागच्या गल्लीत उभे होतो. भाचा उघड्या डोक्यानं, शेजारीण खिडकीत, भाऊ हातात फडकं घेऊन. सूनबाईनं आरसे नीट केले, पट्टा लावला. नवी मोटार बसवलेलं स्टिअरिंग लोण्यासारखं फिरलं. पाच महिन्यांनी तिचा डावा पाय क्लचवर होता.

गाडी मागे आली, वळली, आणि दाराच्या खांबाला घासली. खर्रर्र!

भाचा तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याचा दंड धरला. सूनबाई उतरली, चालत पुढे गेली, वाकून पाहिलं. चाकाच्या वर वीतभर पांढरा ओरखडा.

"हे वॉरंटीत बसत नाही," भाऊ हलकेच म्हणाला आणि फडकं घेऊन पुढे झाला.

"राहू दे, बाबा." ती सरळ उभी राहिली. काठी नाही, भिंतीचा आधार नाही. ओरखड्यावरून तिनं बोट फिरवलं आणि हसली. "मी गाडी चालवते. तेव्हा असं व्हायचंच."

मग ती आत बसली, आणि या वेळी खांब सोडून नीट बाहेर पडली. गल्लीच्या टोकाला गाडीचा वळायचा दिवा लागला, उजवीकडचा. ती वळली. नऊला पाच कमी होते, आणि तिचा पहिला रुग्ण नऊ वाजता वाट पाहत बसणार होता.